समुद्राचा भुसा

फाल्गुन सरत आला, वारा पडला आणि पाणी तापून निवांत झालं, की गोव्याच्या किनाऱ्यापासून आत, अरबी समुद्रावर भुसा पसरतो. पिवळट-तपकिरी, लांबच लांब पट्ट्यांचा. क्षितिजापलीकडे कुणी रात्रभर आरा मशीन चालवावी आणि पहाटे झाडलोट न करताच घरी जाऊन झोपावं, तसा. 1770 साली कॅप्टन कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजावरच्या खलाशांना ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ हे दृश्य दिसलं, तेव्हा त्यांनाही दुसरं काही सुचलं नाही. लाकडी जहाजात आयुष्य काढलेली माणसं ती. समुद्राचा भुसा म्हणाली आणि कामाला लागली. शास्त्रात त्याला ट्रायकोडेस्मियम म्हणतात. एकेकटी डोळ्यांना दिसणार नाही अशा पेशींचे धागे, धाग्यांच्या जुड्या, आणि अगणित जुड्यांचा हा पसारा. हवेतला नायट्रोजन पकडून तो समुद्राला खत पुरवतो, आणि त्याबद्दल कुणी त्याचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या तिघांनी 1978 साली त्यावर मोठा शोधनिबंध लिहिला. त्यांतले एक, एस. झेड. कासिम, पुढे 1981 मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम घेऊन गेले. लोकांना त्यांचा बर्फ आठवतो. मला भुसा जवळचा वाटतो. मी लकडगंजात राहतो.

लकडगंज म्हणजे नागपूरच्या पूर्वेला सागवानाच्या वासात वसलेला भाग. आलापल्ली-बल्लारशाकडचे ओंडके इथे येऊन फळ्या होतात, फळ्यांच्या चौकटी होतात, आणि चौकटी साऱ्या विदर्भाच्या घरांत जाऊन उभ्या राहतात. मागे राहतो तो भुसा. वह्यांच्या पानांत, पायताणांत, दाढीच्या खुंटांत. लहानपणी आमच्या घरी भुशाची शेगडी होती. आई शेगडीच्या मधोमध एक रिकामी बाटली उभी करायची आणि भोवताली भुसा ठासून, थोपटून भरायची. मग बाटली हलक्या हाताने फिरवत वर काढून घ्यायची. मागे गुळगुळीत पोकळी उरायची. खालच्या तोंडातून पेटती काटकी सरकवली, की ती पोकळी आतून लाल होत जाई आणि दुपारपर्यंत धुमसत राही. जळतो तो भुसा, पण जाळते ती बाटलीने मागे ठेवलेली रिकामी जागा, हे मला तेव्हा मोठं गूढ वाटायचं. अजूनही वाटतं. ज्या जागेतून बाटली काढून घेतली आहे, तिच्याकडे मी आदराने पाहतो.

आमच्या शेजारची मुलगीही बाटल्यांचंच काम करते. समुद्रातले सूक्ष्म जीव आणि बदलतं हवामान हा तिचा विषय, आणि त्यासाठी ती आठवडेच्या आठवडे संशोधन-जहाजावर असते. ज्या गावाने देशाचा मध्य म्हणून शून्य मैलाचा दगड रोवून ठेवला, जिथून कुठल्याही बाजूला निघालं तरी समुद्र यायला दमच लागतो, त्या गावातल्या मुलीला हे कसं सुचलं, याचं कोडं गल्लीला सुटलेलं नाही. तिच्या आजीने ते आपल्यापुरतं सोडवलं आहे. नात काय करते असं कुणी विचारलं की ती सांगते, "काही नाही बाप्पा, समुद्रात पानी आनायले जाते." मग जरा थांबून, घराण्याची अब्रू गेल्यासारख्या आवाजात, "अन्‌ आनते बी किती? बाटलीभर."

आजीचं वर्णन तंतोतंत बरोबर आहे. जहाज निघतं, चालत राहतं आणि भर समुद्रात, जिथे चारी बाजूंना पाण्याशिवाय काही नाही, अशा जागी थांबतं. या जागेला स्टेशन म्हणतात. ना फलाट, ना चहा, ना चौकशीची खिडकी. नकाशावर अक्षांश-रेखांशाचा फक्त एक छेद. तिथे एक गोल चौकट तारेने पाण्यात सोडतात. चौकटीत बारा किंवा चोवीस उंच बाटल्या कडेने उभ्या केलेल्या असतात. त्या दोन्ही तोंडांनी उघड्याच खाली जातात आणि वर येताना ठरवलेल्या खोलीवर एकेक मिटत येतात. तळाजवळ जाऊन परत यायला काही तास लागतात. स्टेशन रात्री तीनला आलं तर तीनला उठायचं. वर भर विषुववृत्ताचं ऊन असलं तरी खोलातून आलेली बाटली हाताला बर्फासारखी लागते. चौकट डेकवर टेकली, की भोवती रबरी नळ्या आणि रिकाम्या कुप्या घेतलेली माणसं जमतात आणि सुरू होतं पाण्यावरचं भांडण.

चहूकडे न संपणारं पाणी, खाली तीन-चार किलोमीटर पाणी, आणि मध्ये उभं राहून माणसं म्हणताहेत, माझ्या वाट्याचं पाणी कुणी घेतलं? रांग मात्र शास्त्राने लावून दिलेली आहे. पहिला मान प्राणवायूवाल्याचा, कारण बाटलीत हवा शिरली की त्याचा आकडा बिघडतो. त्याने एकही बुडबुडा न येऊ देता कुपी भरायची, पाणी भरभरून सांडू द्यायचं, आणि लगेच दोन औषधं घालायची. तळाशी तपकिरी साका बसतो. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 साली दिलेली ही रीत अजून चालते. त्याच्यामागे कार्बनवाला, मग पोषकद्रव्यांवाला, मग हरितद्रव्यवाला, आणि अगदी शेवटी क्षारतावाला. त्याचं पाणी सहजी बिघडत नाही, म्हणून त्याला थांबवलं तर चालतं. घराघरांत असा एक माणूस असतोच. सूक्ष्मजीववाल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना पाणी लिटरच्या हिशेबात लागतं, कारण ते बारीक छिद्रांच्या गाळणीतून तासन्‌तास गाळत बसतात. "काकाजी, मी दिसले की लोक बाटलीच्या तोटीवर हात ठेवतात," असं ती सांगते.

कार्बनच्या कुपीत मर्क्युरिक क्लोराइडचा थेंब टाकतात, हेही तिनेच सांगितलं. नाहीतर कुपीतले जीव प्रयोगशाळेपर्यंत खात-पीत, श्वास घेत येतात आणि हिशेब बदलून ठेवतात. ज्यांचं जगणं मोजायचं, त्यांचं जगणं आधी थांबवावं लागतं. आत्मचरित्र लिहायला बसणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

2021 च्या मार्चच्या मध्यावर नागपुरात टाळेबंदी लागली होती. लकडगंजातल्या आरा मशीन गप्प, रस्ते मोकळे, आणि साऱ्या शहराने एका अतिसूक्ष्म विषाणूपायी तोंडं झाकलेली. त्याच दिवसांत विशाखापट्टणमहून 'सिंधु साधना' हे जहाज सुमारे नव्वद दिवसांच्या मोहिमेवर निघालं होतं, हिंदी महासागरातल्या सूक्ष्म जीवांचा जनुकीय नकाशा तयार करायला. आम्ही ज्या जातीच्या अदृश्य मंडळींपासून दार लावून बसलो होतो, त्यांच्या चुलत-मावस नातलगांना भेटायला काही माणसं दार उघडून, बॅग भरून निघाली होती. वर्तमानपत्रात ही बातमी लहानशी होती. ती वाचून मला का कुणास ठाऊक, बरं वाटलं.

एका सफरीवरून तिने मला पेला आणला. थर्मोकोलचा चहाचा पेला, त्यावर पेनने 'लकडगंज' लिहिलेलं, आणि जाळीच्या पिशवीतून तो बाटल्यांबरोबर खोल पाठवलेला. जगभरच्या संशोधन-जहाजांवर ही गंमत चालते. तीन किलोमीटर खाली पाण्याचा दाब आपल्या इथल्या हवेच्या तीनशे पट होतो. थर्मोकोलमधली हवा पिळून निघते आणि पेला अंगुस्तानाएवढा होऊन वर येतो. अक्षरंही त्याच मापाने आक्रसतात. समुद्राच्या मते लकडगंज केवढं, ते आता आमच्या कपाटात ठेवलेलं आहे.

पण लहान-मोठं हे प्रकरण समुद्राने फार पूर्वीच निकालात काढलेलं दिसतं. समुद्राच्या एक मिलीलीटर पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात. 2011 च्या जनगणनेतलं चोवीस लाखांचं नागपूर शहर त्या मापाने अर्ध्या चमच्यात मावेल, महापालिकेसकट. या गर्दीतला प्रोक्लोरोकॉकस नावाचा जीव तर एका केसाच्या रुंदीत शंभर उभे राहतील एवढा. उन्हावर जगणाऱ्या सगळ्या जीवांत संख्येने तो पहिला. आणि त्याचा पत्ता जगाला लागला तो 1988 साली, सॅली चिशोल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधातून. म्हणजे चंद्रावर माणूस जाऊन एकोणीस वर्षं झालेली, आपल्याकडे दूरदर्शनवर 'रामायण' चाललेलं, आणि पृथ्वीवर सर्वांत जास्त हिरवं कोण आहे हे आपल्याला तेव्हा कुठे समजत होतं. सागवानाखाली वाढलेल्या माझ्यासारख्याला हे कळायला आणखी बरीच वर्षं लागली. हिरवं म्हणजे मान वर करून पाहायचं, अशीच आमची समजूत.

आता एक ठरलेलं वाक्य सगळीकडे ऐकू येतं, की आपल्या दर दुसऱ्या श्वासाचा प्राणवायू समुद्र देतो. ऐकायला गोड आहे, पण समुद्र तो आपल्याला देत नाही. जेवढा करतो तेवढा जवळजवळ सगळा तिथलेच जीव वापरून टाकतात. समुद्राने आपल्यावर उपकार करावेत अशी आपली फार इच्छा असते. तो बिचारा आपल्या घरचं चालवत असतो.

ते घर कसं चालतं, ते मला खऱ्या अर्थाने समजावलं आमच्या गल्लीतल्या कच्छी शेठनी, आणि तेही मी त्यांना समजावत असताना. शेठचं लाकडाचं गोदाम पिढीजात. पूर्वी ब्रह्मदेशचा साग यायचा. तिथल्या सरकारने 2014 मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली, आता कुठकुठल्या देशांचं लाकूड कांडला बंदरावर उतरून इथे येतं. मी त्यांना म्हटलं, वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं. तुमचं गोदाम म्हणजे हवेतून काढून घनफुटात रचलेला धूरच. त्यांना ते फारसं आवडलं नाही. मग त्यांनी समुद्राची चौकशी केली.

"मास्तर, त्या बारीक जीवांकडे माल किती?"

"सगळ्या समुद्रांतल्या हिरव्या जीवांचा कार्बन मिळून एक अब्ज टनाच्या आसपास."

"आणि जमिनीवर?"

"साडेचारशे अब्ज."

"मग किरकोळ आहेत."

"पण वर्षाची उलाढाल जमिनीएवढीच, शेठ. पन्नास अब्ज टनांच्या घरात."

शेठनी चष्मा काढला. "एकाच्या भांडवलावर पन्नास? म्हणजे आठवड्याला माल फिरतो! हा लाकडाचा धंदा नाही मास्तर, हा भाजीचा धंदा आहे." आणि लगेच, मुरलेल्या माणसाचा खरा प्रश्न: "शिल्लक काय राहते?"

शिल्लक फारच थोडी. हे जीव जन्मतात, फुटून दोन होतात, खाल्ले जातात, आणि त्यांचा कार्बन बहुतेक करून वरच्या वर पुन्हा श्वासातून सुटतो. दहावा हिस्सा, कधी थोडा अधिक, उजेडाच्या खाली उतरतो. तळाच्या गाळापर्यंत पोचतो तो शेकड्याला एकही नाही. पण जो पोचतो तो फार काळ परत येत नाही, आणि हवेत आपण जो धूर सोडतो त्याच्या पुढच्या हिशेबात ही खालची वाट धरावी लागते. पाणी तापलं की वरचा थर वरच राहतो, खालचं खत वर येत नाही, आणि सगळा धंदा मंदावतो. जहाजांवरची माणसं रात्री तीनला उठून मोजतात ते हेच. "शेकड्याला एक नाही," शेठ स्वतःशी म्हणाले, "आणि दुकान किती वर्षं चालू आहे?" अडीचशे कोटी वर्षांहून जास्त, असं मी सांगितलं. ते बराच वेळ गोदामातल्या सागाकडे पाहत राहिले.

ही शिल्लक वाढवायचा मोह माणसाला न होता तरच नवल. दक्षिण महासागरात बाकी सगळं भरपूर, पण लोह नाही, म्हणून तिथे वनस्पती-प्लवक वाढत नाही, असं जॉन मार्टिन या समुद्रशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं. अर्धा टँकर लोह मिळालं तर हिमयुग आणून दाखवीन, असं तो 1988 मध्ये अर्ध्या थट्टेने बोलून गेला. पुढे अनेकांनी ती थट्टा करून पाहिली. 2009 च्या जानेवारीत केपटाऊनहून 'पोलारस्टर्न' हे जर्मन जहाज निघालं, त्यावर भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञ. नेतृत्व दोघांचं: गोव्याच्या संस्थेचे वजीह नक्वी आणि जर्मनीकडून कुमाऊंच्या डोंगरात वाढलेले व्हिक्टर स्मेटाचेक. मोहिमेचं नाव लोहाफेक्स. पर्यावरणवाल्यांनी आरडाओरडा केला, जर्मन सरकारने थांबायला सांगितलं, आणि जगातलं सर्वांत वादळी पाणी गाठायला निघालेलं जहाज फायलीच्या सहीची वाट पाहू लागलं. ही वाट पाहणं भारतीय शास्त्रज्ञांना जर्मनांपेक्षा सोपं गेलं असेल, असा माझा अंदाज. महिनाअखेर परवानगी आली. एका भोवऱ्यातल्या तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं. पाणी ठरल्याप्रमाणे हिरवं झालं. आणि मग पंगत बसली.

कोपेपॉड नावाचे तांदळाच्या दाण्याएवढे, काही त्याहून लहान प्राणी आले आणि हिरवळ खाऊ लागले. ते पुष्ट झाल्यावर अँफिपॉड नावाचे थोडे मोठे प्राणी आले आणि कोपेपॉड खाऊ लागले. त्यांच्यावर पुढे माकूल आणि देवमासे जगतात. काचेचं कवच करून जड होणारे आणि तळाला जाऊन बसणारे डायटम वाढावेत, तर त्या भागात पाण्यातलं सिलिका आधीच्या बहरांनी संपवून टाकलेलं. पाच-साडेपाच आठवडे माणसं काठाशी, म्हणजे डेकच्या कठड्याशी, उभी राहून आपला प्रयोग खाल्ला जाताना मोजत होती. खाली कार्बन गेला तो नाममात्र. हे सगळं त्यांनी जसंच्या तसं छापून टाकलं, आणि त्याबद्दल मला त्या मंडळींविषयी माया वाटते. हवामानाला मोठमोठ्या कळा बसवायला निघालेल्यांनी हा निबंध उशाशी ठेवावा. शेठना हे सांगितलं, तर त्यांनी एका वाक्यात निदान केलं: "वाळवी लागली."

अरबी समुद्रात तर कुणी लोहही टाकलं नव्हतं. तिथे हिवाळ्यात डायटमचा बहर यायचा. या शतकात त्याची जागा नॉक्टिल्युका नावाच्या हिरव्या गोळ्यांनी घेतली. आतमध्ये हिरवे भाडेकरू ठेवून त्यांच्यावर जगणारा आणि वर बाहेरचंही खाणारा हा जीव, रात्री निळा चमकतो म्हणून किनाऱ्यावर लोक त्याचे फोटो काढतात. हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस हे गोव्याचे संशोधक त्याच्यामागे वर्षानुवर्षं आहेत. हिमालयातला बर्फ कमी झाला, हिवाळी वारे उबदार आणि दमट झाले, समुद्र पूर्वीसारखा ढवळला जाईना, आणि यांचं फावलं, असा त्यांचा 2020 चा निष्कर्ष. गंगोत्रीची थंडी मालवणच्या माशाच्या जेवणात मोजली जाते, हे ऐकून मला आमची नाग नदी आठवली.

नाग नदीला नदी म्हणताना नागपूरकर थोडा चाचरतो. तरीही ती नदीच. लकडगंजाच्या मोऱ्यांचं पाणी घेऊन ती पिवळी नदीला मिळते, मग कन्हान, कन्हानमधून वैनगंगा, वर्धेला भेटून प्राणहिता, मग गोदावरी, आणि गोदावरीतून बंगालचा उपसागर. तिथे शंभर-दीडशे मीटरच्या खाली प्राणवायू जवळजवळ नाहीच. पण अगदी नाही असंही नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की नायट्रेट फोडून नायट्रोजन उडवून लावणारे जीवाणू तिथे हजर आहेत, तयारीत आहेत, पण प्राणवायूच्या त्या शेवटच्या लवलेशाने त्यांचे हात धरून ठेवले आहेत. अरबी समुद्रात ते कामाला लागलेले आहेत. बंगालच्या उपसागरात बसून आहेत. जमिनीवरून खत आणि मैला वाढला, की तो लवलेशही जाऊ शकतो. इतका बारीक तोल, आणि त्यात आमच्या मोरीचाही वाटा! मी हे आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हनजे पोरगी तिथून पानी आनते, ते आपलंच होय?" मला नाही म्हणवलं नाही.

आणि झिलमिली. इतवारी स्टेशनवरून छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडी 2015 पर्यंत होती. त्याच छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली हे एक लहान गाव आहे. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तिथल्या मातीत गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांना समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव सापडले: फोरामिनिफेरा, वाळूच्या कणाहून बारीक कवचांचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. डायनोसॉर नुकतेच संपले होते. ही जात खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाही. म्हणून त्यांनी अनुमान केलं, की नर्मदा-तापीच्या खोऱ्यांनी समुद्राचा एक चिंचोळा हात तेव्हा इथवर, पश्चिम किनाऱ्यापासून आठशे किलोमीटर आत आला असावा. हा निबंधही 2009 चाच. एक जहाज दक्षिण महासागरात जीव वाढवू पाहत होतं, आणि इथे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात मातीतून समुद्र निघत होता.

शेठचं मूळ गाव मांडवी. तिथे रुक्मावतीच्या काठावर लाकडी जहाजं बांधतात. गोदामात बसले की हिशेबाच्या मधे कधीतरी ते त्या वाऱ्याची आठवण काढतात. मी त्यांना झिलमिलीचं सांगितलं: समुद्र छिंदवाड्यापर्यंत आला होता, लकडगंजापासून सव्वाशे किलोमीटरवर, आणि त्यातले बारीक जीव अजून तिथे आहेत.

शेठनी बोटांवर काहीतरी मोजलं. "आमचे बापूजी बेचाळीस साली आले," ते म्हणाले. "जरा आधी निघायला पाहिजे होतं."